प्लास्टर निघालं, आता कबड्डी कधी?

प्लास्टर निघाल्यापासून घरात एकच विषय, मॅटवर कधी उतरायचं. लेक विचारतो, त्याचे सर विचारतात, परवा तर सोसायटीच्या वॉचमनकाकांनी पण विचारलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चिरंजीव वय वर्षं बारा, पंचवटीत कबड्डी खेळतात, रेडर (चढाई करणारे) आहेत, पावसाळ्यात प्रॅक्टिसला डॅश (समोरच्याचा जोरदार धक्का) बसला आणि आडवा हात टेकून पडला, डाव्या हाताची कोपर आणि मनगटाच्या मधली दोन्ही हाडं मोडली. व्हॉट्सॲपवर बऱ्याच जणी विचारतायत काय काय केलं, म्हणून इथे एकदाच लिहून टाकते.

ऑपरेशन नाही केलं. भूल देऊन हाड ओढून बसवलं, आधी कच्चं प्लास्टर, सूज उतरल्यावर पक्कं. लहान मुलांचं हाड थोडं वाकडं जुळलं तरी वाढीबरोबर बरंचसं सरळ होतं म्हणे, पण मिसरूड फुटायची वेळ आली की ती सवलत संपत येते, त्यामुळे डॉक्टर सुरुवातीला दर आठवड्याला एक्स-रे काढायचे. मला वाटायचं उगाच पैसे लावतायत. तसं नाही, बसवलेलं हाड प्लास्टरच्या आत सरकू शकतं आणि ते पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कळलं तर परत बसवता येतं, नंतर ते तसंच घट्ट होऊन जातं.

सासूबाईंचं म्हणणं होतं की दिंडोरीकडे एक हाडवैद्य आहेत, कामट्या बांधून पंधरा दिवसांत पोरगं मोकळं करतात. मी म्हटलं अहो आई, पहिले दोन-तीन दिवस हात सुजतच जातो, त्यावर करकचून बांधलं तर आतला रक्तपुरवठाच अडतो, असे हात कायमचे निकामी झालेत लोकांचे. आणि हे हॉस्पिटलच्या प्लास्टरलाही लागू आहे बरं का! बोटं निळी किंवा पांढरीफटक, थंड, बधिर पडली, किंवा गोळी देऊनही दुखणं वाढतच चाललंय आणि बोट जरा सरळ केलं तरी पोरगं किंचाळतंय, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोनला पण निघायचं. पहिल्या रात्री मी मोबाईलचा टॉर्च लावून बोटं दाबत बसले होते, नख दाबलं की पांढरं होतं आणि सोडलं की पटकन गुलाबी व्हायला पाहिजे. खाजवायला आत पट्टी घालायची नाही हे सांगूनसुद्धा कंपासबॉक्समधली पट्टी गायब असायची, असो.

खाण्याचं म्हणाल तर पायाचं सूप, नाचणी, डिंकाचे लाडू, सगळं शेजारपाजारून आलं. जादू कशातच नाही पण वाईटही काही नाही, नाचणीत कॅल्शियम असतंच. डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी तपासायला लावलं ते मात्र बरं झालं, कमी निघालं.

आता मुद्द्याचं. प्लास्टर कापलं (ते मशीन भयंकर आवाज करतं पण त्याचं पातं गोल फिरत नाही, नुसतं थरथरतं, त्यामुळे कातडी कापत नाही, मुलांना हे आधी सांगून ठेवा) तेव्हा आतून निघालेला हात बघून मलाच कसंतरी झालं. काडीसारखा, केसाळ, कातडीचे पापुद्रे निघतायत आणि वास विचारू नका. एक्स-रेमध्ये मोडलेल्या जागी हाडाभोवती गाठ दिसत होती, तोच कॅलस. हाड जुळलंय, पण ही घाईघाईत घातलेली भर आहे, तिचं नीट मजबूत हाड व्हायला पुढे कित्येक महिने जातात. फोरआर्म परत त्याच जागी मोडणं मुलांमध्ये नवीन नाही, आणि तो धोका प्लास्टर निघाल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच जास्त, नेमका तेव्हाच सगळे म्हणत असतात की झाला ना बरा.

आमच्या ह्यांचं मत वेगळं. २००२ला अँटिग्वात कुंबळे मोडक्या जबड्याला पट्टी बांधून आला आणि लाराला काढला, ही गोष्ट आमच्याकडे वर्षातून चारदा तरी होते. अहो, पण तो लगेच ऑपरेशनसाठी घरी परतला ना, ते का नाही सांगत! आणि त्याच्या जबड्यावर सात जण येऊन पडणार नव्हते.

सरांनी पण मधला मार्ग काढला, फक्त रेडला पाठवू, पकडीत नको. म्हणजे समोरच्या टीमचा कव्हर (पकडायला उभा असलेला बचावपटू) विचारणार का, दादा कुठला हात?

फिजिओने सांगितलंय ते साधं आहे. कोपराला तेल लावून रगडायचं नाही, जोर लावून वाकवायचं नाही, अशाने कधी कधी स्नायूतच हाड तयार होतं आणि कोपर आखडून बसतं (आजीची तिळाच्या तेलाची वाटी त्यामुळे परत ओट्यावर गेली). हात त्याचा त्यानेच हलवायचा, मऊ बॉल दाबायचा, ओला टॉवेल पिळायचा. सगळ्यात हट्टी निघालं ते तळहात वर करणं. देवळात तीर्थ घ्यायला हात पुढे केला तर तळवा तिरकाच, पाणी ओघळून जायचं. आता जवळजवळ सपाट होतो. पळणं, उठाबशा, फुटवर्क मात्र कधीच सुरू केलंय, पाय काही मोडलेले नाहीत, आणि दम टिकला तर परतल्यावर हाल होत नाहीत. फक्त पळायला नेते ते कोरड्या ट्रॅकवर, शेवाळलेल्या घाटावर नाही.

मॅटसाठी डॉक्टरांची अट अशी की मोडलेल्या जागी दाबून दुखायला नको, हात दोन्ही बाजूंनी पूर्ण फिरला पाहिजे, मुठीची ताकद उजव्या हाताच्या जवळपास आली पाहिजे आणि नवीन एक्स-रे त्यांनी स्वतः बघितला पाहिजे. त्यानंतर आधी एकट्याने पडायची प्रॅक्टिस, मग हलकी पकड, मग मॅच. जिल्ह्याच्या स्पर्धा त्याच्या आधी आहेत. सरांना तसं कळवलंय, ते जरा नाराज आहेत, लेक माझ्याशी बोलत नाहीये, आणि तरी टीमबरोबर जाणार आहे, स्कोअर लिहायला, उजवा हात मोकळाच आहे.