महिना नका बघू, माती बघा

भेंडी कोणत्या महिन्यात लावू, पालक कधी टाकू, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि दरवेळी मी उलट विचारते, आत्ता तुमची माती किती गरम आहे? कारण बी काय महिना बघून उगवत नाही ना, त्याला कळते ती ऊब आणि ओल. पेरणीचे तक्ते वाईट नसतात, पण एखाद्या वर्षी थंडी लांबते, एखाद्या वर्षी लवकर पळते, आणि एकाच बागेत भिंतीलगतचा वाफा गरम तर झाडाखालचा गार असतो, तक्त्याला ते कुठून कळणार.

म्हणून एक साधा मातीचा थर्मामीटर घ्या, सकाळी सकाळी बोटभर खोल खुपसा आणि तीन-चार दिवस सलग आकडा बघा. भेंडी, काकडी, दुधी, भोपळा ही मंडळी १८ अंशांच्या खाली टाकूच नका, बी ओल पिऊन फुगतं आणि पुढे काहीच न होता आतल्या आत कुजतं. तेच बी माती पंचविशीच्या पुढे गेली की आठवडाभरात वर येतं. वाटाण्याचं बरोबर उलटं, तो ५-७ अंशांनाही उगवतो, वेळ घेतो पण उगवतो. पालक आणि लेट्यूस पण गार मातीतले, त्यातून लेट्यूसचं बी माती तिशीला टेकली की जिवंत असूनसुद्धा झोपून राहतं आणि लोक म्हणतात बियाणं खराब निघालं! अशा वेळी संध्याकाळी पेरा, सावली करा, वर ओलं गोणपाट टाका आणि पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी ते काढून घ्या. गाजराला पण हीच युक्ती, कारण गाजर उगवायला दोन-तीन आठवडे लावतं आणि तेवढ्या दिवसांत वरचा थर एकदा जरी कडक वाळला तरी कोंब तिथेच मरतो.

पावसानंतर घाई नको. मूठभर माती दाबून गोळा करा, बोटाने टोचल्यावर तो फुटला तर वाफसा आलाय, म्हणजे माती कामाजोगी ओलसर झालीये, कामाला लागा, आणि चिकट राहिला तर वाफ्यात पायसुद्धा टाकू नका. ओल्या मातीवर चाललं की आतली हवा निघून जाते आणि मुळांना पाण्याइतकाच ऑक्सिजन लागतो, पाणी साचलेल्या वाफ्यात झाडं पाण्यात उभी राहून सुकतात ती यामुळेच. पाऊस जास्त असेल तर वाफे वीतभर उंच करून घ्या, बाकी कशाहीपेक्षा त्याचा फायदा जास्त होतो.

ऊब झाली, आता उजेड. याबद्दल कमी बोललं जातं पण दिवस किती तासांचा आहे हे झाडाला नीट कळतं. कांद्याच्या काही जाती १०-१२ तासांच्या दिवसात गड्डा धरतात, काहींना १४-१६ तास लागतात, आणि तुमच्याकडे दिवस तेवढा मोठा होतच नसेल तर कितीही खत घाला, नुसती पातच वाढत राहणार. त्यामुळे कांद्याचं बी घेताना जात विचारूनच घ्या. पालकाचं तसंच, दिवस १४ तासांकडे जायला लागला की तो दांडा सोडून फुलावर जातो, मग पाणी वाढवून काही होत नाही, ऊन वाढलं की कोथिंबीरही तेच करते. यावर माझा उपाय एकच, एकदम सगळं पेरायचं नाही, दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं टाकत राहायचं.

टोमॅटोची फुलं गळली की सगळे आधी औषध विचारतात. आधी रात्रीचं तापमान बघा हो! रात्र २४ अंशांच्या वर राहिली किंवा १३ च्या खाली गेली की परागकण नीट काम करत नाहीत, फळ धरत नाही, फूल गळतं. तो रोग नाही, हवा बदलली की झाड आपोआप परत फळं धरतं, तोवर फक्त जगवायचं. फळांच्या बुडाला काळा डाग पडतो तोही बहुतेक वेळा पाण्याचा घोळ, मातीत कॅल्शियम असतं पण पाणी कधी भरपूर कधी नाहीच असं झालं की ते फळापर्यंत पोचत नाही. पाचोळ्याचं जाड आच्छादन घाला आणि पाणी एकसारखं द्या, पुढची फळं चांगली येतात.

आणि भोपळ्याला, काकडीला नुसती फुलं येतात फळ नाही म्हणून वेल उपटू नका प्लीज. सुरुवातीला नर फुलंच येतात, गरम हवेत आणि मोठ्या दिवसांत तर जास्तच, मादी फुलं मागून येतात, त्यांच्या देठाशी छोटंसं फळ असतं. मधमाश्या कमी असतील तर भोपळ्याचं नर फूल तोडून सकाळी लवकर मादी फुलाला लावा, दुधीचं मात्र फूल संध्याकाळी उमलतं, तिथे काम संध्याकाळी.

दोन सीझनच्या मधल्या वेळात वाफा उघडा ठेवायचा नाही, मी घेवडा किंवा चवळी टाकते. एखादं झाड उपटून मुळावरची गाठ कापून बघा, आतून गुलाबी असेल तर ती हवेतला नायट्रोजन धरतीये. वेल संपले की जमिनीलगत कापायचे, मुळं आतच ठेवायची आणि त्याच जागी पुढे कोबी नाहीतर पालेभाजी.

शेवटी बियांबद्दल. टोमॅटो, घेवडा, वाटाणा यांचं घरचं बी बहुधा जातीला धरून येतं, हायब्रीडचं येत नाही, आणि भोपळे आजूबाजूच्या भोपळ्यांशी मिसळतात. पालक आणि कोथिंबिरीचं बी धरताना तर एक गोष्ट नक्की करा, जे झाड सगळ्यात आधी फुलावर आलं ते काढून टाका. बहुतेक जण त्याचंच बी धरतात कारण ते आधी तयार होतं, आणि मग दरवर्षी भाजी आणखी लवकर फुलावर जायला लागते. सगळ्यात उशिरा फुलणारी चार-पाच झाडं राखा आणि त्यांचंच बी पुढच्या वर्षी पेरा.