टर्बो बसला, धूर सुटला

गाडी पहिल्या सेल्फला उठली. सगळे खूश. पाच मिनिटांत सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला आणि गॅरेजमधले आवाज एकेक करून बंद झाले. मालक शेजारीच उभा. हळूच म्हणाला, "दादा, पिस्टनच्या रिंगा गेल्या का?"

१.६ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन. मालकाला त्यात टर्बो हवा होता, म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. मी आधीच बजावलं होतं, की याचा कॉम्प्रेशन रेशो १०.५ आहे, मूळ पिस्टनवर ०.४ बारपेक्षा जास्त बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, देणार नाही. तो कबूल झाला. मग मॅनिफोल्ड, इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, एक पायरी थंड प्लग, हवेचा दाब मोजणारा नवा मॅप सेन्सर (मूळचा बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच वाचतो, बूस्ट आला की आंधळा), ईसीयूची, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची, ट्यूनिंग. बूस्टमध्ये एका भाग पेट्रोलला हवा ११.५ ते १२ भाग राहावी म्हणून टेबलं जुळवत मी दोन रात्री लॅपटॉपसमोर काढल्या होत्या. आणि आता हा धूर.

काळा असता तर पेट्रोल जास्त, पांढरा आणि गोडसर वासाचा असता तर कूलंट. निळा म्हणजे ऑइल, यात वाद नाही. चारही प्लग काढले. कोरडे, फिकट तपकिरी. कॉम्प्रेशन तपासलं, चारही सिलिंडर १८० पीएसआयच्या आसपास. म्हणजे रिंगा शाबूत. टर्बोच्या मागचा पाइप सोडला तर टर्बाइनच्या तोंडाशी ऑइलचा ओला काळा थर. नवाकोरा टर्बो! तो विकणाऱ्याला चार शब्द सुनवायला मी फोन हातात घेतलाही होता. तरी आधी शाफ्ट बोटात धरून हलवून पाहिला. खेळ नाही, पाती कुठे घासत नव्हती. फोन खाली ठेवला.

तेवढ्यात खड्ड्यातून आमच्याकडचा पोरगा ओरडला, "दादा, ही नळी पोट काढून बसलीय."

टर्बोत ऑइल पंपाच्या दाबाने येतं, पण परत जाताना दाब नसतो. लाखाच्या वर आरपीएमने फिरणाऱ्या शाफ्टवरून ते फेसाळून बाहेर पडतं आणि नुसतं स्वतःच्या वजनाने इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. म्हणून आत जाणारी नळी पेन्सिलीएवढी चालते, परतीची अंगठ्याएवढी लागते, आणि तिला सतत उतार लागतो. शाफ्टच्या टोकांना रबरी सील नसतं, बारीक लोखंडी रिंग असते. बेअरिंगच्या घरात ऑइल साचलं की ती ते अडवू शकत नाही.

मी खाली उतरलो. परतीची नळी क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या दांड्याला) वळसा घालताना झोळीसारखी लोंबत होती. त्याहून वाईट म्हणजे ती नळी जोडायचा चेंबरवरचा निपल. डिपस्टिक चेंबरशेजारी धरून पाहिली तर तो ऑइलच्या पातळीच्या दोन बोटं खाली, म्हणजे परतीची वाटच बुडालेली. ते भोक मीच पाडलं होतं. तिथं पत्रा सपाट होता, वेल्डिंगला हात नीट जात होता, एवढंच कारण. मालकाला तसंच सांगितलं. तो काही बोलला नाही, स्टूल ओढून बसला.

चेंबर उतरवला. जुनं भोक बुजवलं, नवं वरच्या कडेजवळ पाडलं, आतला कीस धुऊन काढला. टर्बोचा मधला भाग सैल करून ऑइल परत जायचं तोंड सरळ खाली येईल असा फिरवला. नळी आखूड झाली, पोट गेलं.

संध्याकाळी पुन्हा स्टार्ट. धूर होताच! मालक उठून उभा राहिला. मी म्हटलं, थांबा, सायलेन्सरमध्ये साठलेलं जळू द्या. म्हणालो खरा, पण माझाही घसा कोरडा पडला होता. वीसेक मिनिटं लागली. आधी धूर विरळ झाला, मग नुसता वास उरला, मग तोही गेला. रेस देऊन एकदम सोडली, पुन्हा दिली, पुन्हा सोडली. स्वच्छ.

मालक बॉनेटवर वाकून इंजिनाकडे बघत होता. "दादा, ०.४ चं ०.६ करता येईल का?"

पोरगा खड्ड्यातून हसला.