विम्याचं दुसरं पान

चासी नंबरचा पेन्सिल ट्रेस घ्यायला मी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत शिकले. ट्रॅक्टरच्या चासीवर कोरलेल्या नंबरावर पातळ कागद ताणून धरायचा आणि वरून शिसपेन्सिल आडवी घासायची, की एकेक आकडा कागदावर उमटत जातो. तो कागद फाइलीला लावलेला नसेल तर आमचे वसुली अधिकारी फाइल परत टेबलावर टाकायचे. "तारण बघून आलीस की नुसती ऐकून आलीस?" असं विचारायचे. सहा वर्षं ते काम केलं. आता मी अमेरिकेत, उत्तर इंडियानात, एल्कहार्टजवळच्या एका क्रेडिट युनियनमध्ये वाहनकर्ज बघते. क्रेडिट युनियन म्हणजे पतसंस्थाच. ठेवी सभासदांच्या, कर्ज सभासदांना, वर्षाला सर्वसाधारण सभा.

एल्कहार्टचं नाव सांगलीत कुणी ऐकलेलं नसतं, पण अमेरिकेतली बहुतांश मोटारहोम आणि कॅम्पर याच पट्ट्यात बनतात. कारखाने पहाटे सुरू होतात, मोटार न बाळगणाऱ्या आमिश पंथाचे कामगार दुपारी घोडागाडीतून घरी जाताना दिसतात. त्यामुळे आमच्याकडे मोटारहोमच्या फाइली पुष्कळ येतात. मोटारहोम म्हणजे बसएवढी गाडी, आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास-बाथरूम. कर्जाच्या दृष्टीने मात्र ती फार वाईट वस्तू. घराएवढ्या लांब मुदतीचं कर्ज आणि मोटारीसारखी दरवर्षी उतरणारी किंमत.

गेल्या सप्टेंबरमध्ये एक वयस्क जोडपं मोटारहोमचं जुनं कर्ज कमी व्याजाने आमच्याकडे बदलून घ्यायला आलं. इथे सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारतात, मला ते अजून जमत नाही. मनात मी त्यांना काका-काकूच म्हणत होते. काकांनी वीस वर्षं इथल्याच एका कारखान्यात मोटारहोमचं वायरिंग केलेलं आणि आमचे सभासद १९९८ पासून. दोघांनी २०२१ मध्ये पाच वर्षं जुनी मोटारहोम घेतली होती. कोविडनंतर अख्खी अमेरिका गाड्या घेऊन बाहेर पडत होती, त्या एका वर्षात कारखान्यांतून ६ लाखांहून जास्त युनिटं बाहेर पडली आणि जुन्या गाड्यासुद्धा चढ्या भावाने विकल्या गेल्या. ७८ हजार डॉलरची गाडी, १२ हजार रोख. डीलरने त्यात दुरुस्तीचं कॉन्ट्रॅक्ट आणि 'गॅप'चा विमा (गाडी गेली तर भरपाई आणि बाकी कर्ज यांतला फरक भरणारा) मिळून ४ हजार चढवले. कर्ज झालं ७० हजार, दहा टक्के, वीस वर्षं. हप्ता ६७५ डॉलर.

काकूंनी वहीत प्रत्येक हप्ता लिहिलेला. ४८ हप्ते, एकही उशिरा नाही. भरले ३२,४०० आणि काही. मुद्दल कमी झालं ५,४१३.

"आम्ही काही चुकवलंय का?" त्यांनी विचारलं.

काही चुकवलं नव्हतं. वीस वर्षांच्या कर्जात सुरुवातीचा हप्ता बहुतेक व्याजातच जातो. राग मला डीलरचा येतो. बँक त्याला एक दर देते, तो ग्राहकाला त्याच्यावर एक-दोन टक्के लावून सांगतो आणि मधल्या फरकाचा मोठा वाटा त्याला मिळतो. काकांच्या हॉस्पिटलच्या बिलांमुळे तेव्हा त्यांचा क्रेडिट स्कोअर ६२८ होता, त्याचा त्याने फायदा घेतला. आता स्कोअर ७४१ झाला होता. व्याजदर २०२२ पासून सगळ्यांचेच वाढले, तरी या स्कोअरला आमच्याकडे १५ वर्षांसाठी सव्वासात टक्के बसत होते. जुन्या बँकेचं पेऑफ लेटर, म्हणजे किती भरलं की कर्ज मिटेल ते सांगणारं पत्र, त्यांनी आणलं होतं. बाकी ६४,५८७ आणि त्यापुढे रोजचं व्याज १७ डॉलर ७० सेंट.

आमच्याआधी त्यांनी तीन ठिकाणी ऑनलाइन अर्ज केले होते. तिन्हीकडून नकार, कारण तारणाची किंमत कमी. आमच्या संगणकानेही तेच सांगितलं. गाडी २०१५ ची, किंमत ५०,५००, म्हणजे कर्ज किमतीच्या १२८ टक्के. आमची मर्यादा १२०.

काका म्हणाले, "ही २०१६ ची आहे. मी बांधल्यात या गाड्या. कुणी ऐकतच नाही."

मोटारहोमला दोन जन्मसालं असतात, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला सुचणार नाही. इंजिन आणि चासी बनवते एक कंपनी आणि ती अर्धवट गाडी म्हणून पाठवते. मग इथले कारखाने तिच्यावर घर चढवतात. चासी २०१५ ची असली तरी वरचं घर, म्हणजे कोच, २०१६ चं मॉडेल म्हणून विकला जाऊ शकतो आणि बाजारात भाव लागतो तो कोचच्या सालाचा. पण व्हीआयएन, म्हणजे चासीवर कोरलेला सतरा अक्षरी नंबर, चासीवाल्याचा. त्यातलं दहावं अक्षर सालाचं, एफ म्हणजे २०१५, जी म्हणजे २०१६. यांच्या नंबरात एफ होता आणि आधीच्या मालकाच्या राज्याने टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, तेच साल चढवलेलं. संगणक तेवढंच वाचतो. तीन संस्थांमधल्या एकाही माणसाने उठून गाडी बघितली नव्हती.

मी टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये गेले. ड्रायव्हरच्या दाराजवळ फायनल-स्टेजचं लेबल असतं. गाडी पूर्ण कुणी, कधी केली, हे त्यावर लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. यांचं लेबल उन्हाने पांढरं पडलेलं, महिना दिसत होता, साल नाही. प्रवेशदाराशेजारी कोच कारखान्याचा सीरियल नंबर मात्र स्पष्ट होता. कारखाना आमच्यापासून वीस मिनिटांवर. काकांनी स्वतः फोन लावला, तिथे रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाई त्यांना ओळखत होत्या, आणि अकराच्या आत कारखान्याच्या लेटरहेडवर पत्र आलं: अमुक सीरियल नंबर, अमुक चासीवर, मॉडेल वर्ष २०१६. आता हा सीरियल नंबर आणि हा व्हीआयएन एकाच गाडीचे आहेत, हे फाइलीत दिसायला हवं होतं. मी गाडीखाली सरकले, चासीच्या पट्टीवरची धूळ फडक्याने पुसली आणि पेन्सिल ट्रेस घेतला. सतराच्या सतरा अक्षरं उमटली. काका वाकून बघत होते. म्हणाले, वीस वर्षांत हे कधी पाहिलं नाही.

साल बदलल्यावर किंमत आली ५६ हजार. कर्ज ११५ टक्के, मर्यादेच्या आत. हप्ता ६७५ वरून ५९० आणि पदरचा एक डॉलर घालायचा नाही. काकूंनी वहीत नवा आकडा लिहून त्याच्याभोवती चौकोन काढला.

मग मी विम्याचा कागद उघडला. पहिल्या पानावर रक्कम आणि मुदत असते. नुकसानभरपाई आधी कर्ज देणाऱ्याला मिळावी म्हणून त्याचं नाव दुसऱ्या पानावर असतं. ते आमच्या नावाने बदलून घ्यायचं म्हणून मी दुसरं पान बघितलं. तिथे वर्गवारीपुढे लिहिलं होतं: फुल-टायमर.

फुल-टायमर म्हणजे जे गाडीतच राहतात. त्यांचा विमा वेगळा आणि महाग असतो. पुष्कळ लोक तो घेत नाहीत, सुट्टीत फिरणाऱ्यांचा साधा विमा काढतात आणि राहतात मात्र बारा महिने आत. या दोघांनी खरं सांगून महागडा विमा घेतला होता. २०२१ मध्येच घर विकलेलं, हॉस्पिटलची देणी त्यातूनच भागवलेली. अर्जावरचा पत्ता मुलीचा, जवळच्या गोशेन गावचा. टपाल तिथे येतं, ते खोटं नव्हतं. आणि आमच्या कर्ज धोरणात एक ओळ आहे: कायम वास्तव्यासाठी वापरलेल्या मोटारहोमला कर्ज नाही.

या ओळीमागची कारणं मला माहीत आहेत. तारण चाकांवर आहे, उद्या कुठल्याही राज्यात असेल. आणि कर्ज थकलं तर गाडी उचलणं म्हणजे माणसांना घराबाहेर काढणं, ते कुणालाच नको असतं. पण अमेरिकेचं आयकर खातं म्हणतं, झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असेल तर होडी असो की ट्रेलर, ते घर धरता येतं आणि त्याच्या कर्जाच्या व्याजाची वजावट मागता येते. सरकारच्या कागदावर घर असणं फायद्याचं आणि आमच्या कागदावर तोच दोष.

सांगलीला दर हंगामात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. बैलगाडीत भांडी, शेळी, लेकरं आणि फडाशेजारी कोपी. त्यांना आमची पतसंस्था कर्ज द्यायची नाही, कारण पत्ता नाही. तेव्हा मला त्यात वावगं वाटलं नव्हतं. त्या दिवशी टेबलावर ते दुसरं पान असताना मला त्या कोप्या आठवल्या.

मी व्यवस्थापकांकडे गेले. अपवादासाठी अर्ज वर पाठवूया म्हटलं: सत्तावीस वर्षांचं सभासदत्व, ४८ हप्ते वेळेवर. ते चांगले गृहस्थ आहेत, पण धोरणावरची ओळ त्यांना भिंतीसारखी दिसते. नाही म्हणाले. शेजारच्या टेबलवरचा सहकारी हळूच म्हणाला, "पहिलं पान पुरेसं होतं, दुसरं कशाला उघडलंस? नाव बदलायचं पत्र विमा कंपनीला नुसतं मेल करायचं होतं." तो तसंच करतो. त्याच्या किती फाइलींत फुल-टायमर असतील, देव जाणे. त्याला मी खोटारडा म्हणू शकत नाही, त्याने न पाहिल्यामुळे काही माणसांचे हप्ते कमी झाले आहेत. पण पान पाहिल्यावर ते न पाहिल्यासारखं करणं मला जमणार नव्हतं. आणि उद्या अपघात झाला असता, तर फाइल उघडणाऱ्याने पहिल्यांदा तेच पान वाचलं असतं.

काका-काकूंना मी खरं कारण सांगितलं. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे विमा खोटा काढला असता, तर कर्ज मिळालं असतं?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

दुपार मी फोनवर घालवली. फुल-टायमरना कर्ज देणाऱ्या संस्था मोजक्याच आहेत आणि त्या जाहिरातीत हे ठळक लिहीत नाहीत, एकेकाला विचारावं लागतं. नवा अर्ज मात्र मी कुठेच करू दिला नाही. आधीच्या तीन अर्जांनी तीनदा क्रेडिट तपासलं गेलं होतं. मोटारीच्या कर्जासाठी थोड्या दिवसांत केलेल्या चौकश्या एकच धरतात, ती सवलत मोटारहोमला मिळेलच असं नाही. आधी तोंडी नियम विचारायचे, मग स्कोअरला धक्का न लावणारी प्राथमिक तपासणी, आणि अर्ज एकच. मोटारहोमचं कर्ज बदलू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते आणि पहिले दोन प्रश्न हेच विचारायला लावते: गाडीत राहणाऱ्याला देता का, आणि साल चासीचं धरता की कोचचं.

पाचव्या फोनला दुसऱ्या राज्यातली एक संस्था तयार झाली. साडेआठ टक्के, १५ वर्षं, पण किमतीच्या शंभर टक्क्यांपर्यंतच. कारखान्याचं पत्र आणि पेन्सिल ट्रेस मी त्यांना पाठवला, त्यांनी २०१६ मान्य केलं. म्हणजे कर्ज ५६ हजार, हप्ता ५५१ आणि उरलेले ८,५८७ डॉलर रोख भरायचे. मी दोन्ही बाजूंची बेरीज कागदावर मांडून दाखवली. जुनं कर्ज असंच चालू ठेवलं तर अजून १ लाख २९ हजार ७०० जातील, बदललं तर रोख धरून १ लाख ७ हजार ८००च्या आसपास. हिशेबाने बदलणंच बरोबर. शिवाय जुना गॅपचा विमा रद्द करून उरलेल्या मुदतीचे पैसे परत मागता येतात, हे डीलरने त्यांना सांगितलंच नव्हतं. तो अर्जही भरून दिला.

पण काकूंनी वहीचं मागचं पान काढलं. तिथे दोन रकमा होत्या, एक टायरांसाठी आणि एक त्यांच्या गुडघ्यासाठी. दोन्ही मिळून नऊ हजारांच्या आत.

संध्याकाळी नकाराचं पत्र करायला बसले. अर्ज नाकारला तर तीस दिवसांत नेमकं कारण कळवावं लागतं आणि त्यासाठी तयार नमुना असतो, चौकटीत खूण करायची. व्यवस्थापक म्हणाले, 'तात्पुरतं वास्तव्य' वर कर, लवकर संपेल. चार वर्षं ही माणसं त्याच पलंगावर झोपत होती. मी शेवटच्या 'इतर' वर खूण केली आणि लिहिलं: सभासद याच वाहनात राहतात. व्यवस्थापकांनी वाचलं आणि सही केली.

अकराव्या दिवशी काका एकटे आले. नव्या संस्थेचं सगळं ठरलं होतं, फरकाची रक्कम कॅशियर चेकने, म्हणजे आपल्या डीडीसारख्या चेकने, पाठवायची होती आणि ते पैसे आमच्याकडच्या बचत खात्यात होते. चेक मीच तयार केला, ८,५८७ आणि मधल्या दिवसांच्या व्याजाचा. जुन्या कर्जाचा बोजा उतरला की पत्र मुलीच्या पत्त्यावर येईल, तोवर जुना हप्ता थांबवू नका, असं बजावलं. खात्यात थोडेच पैसे उरत होते. खातं बंद करायचं का, मी विचारलं.

"सभासद राहायला किती लागतात?"

"पाच डॉलर."

"मग पाच ठेव," म्हणाले. बाकीचे त्यांनी रोख घेतले, दोनदा मोजले आणि काकूंच्या वहीत घातले.