तुझी पोरं काय म्हणतात?

जुलैतली दुपार होती. भारतीय दुकानातून आणलेली गवार मोडायला घेतली होती आणि शेजारी फोनवर बेसबॉलच्या ड्राफ्टचा, म्हणजे संघांनी पाळीपाळीनं नवी पोरं निवडण्याचा, दुसरा दिवस लावून ठेवला होता. पहिल्या दिवशी सगळा थाट असतो. मंच, दिवे, सूट घातलेली अठरा-वीस वर्षांची पोरं, सोफ्यावर दाटीवाटीनं बसलेलं अख्खं खानदान, नाव पुकारलं की आईच्या डोळ्यांना पाणी. दुसऱ्या दिवशी यातलं काही उरत नाही. कुणीतरी एका सुरात वाचत सुटतं, शाळेतल्या हजेरीसारखं. संघ, जागा, नाव, कॉलेज. पुढचा. संघ, जागा, नाव, कॉलेज. ‘हजर’ म्हणायला मात्र कुणी नसतं.

मला हा दुसरा दिवसच आवडतो. तीस संघ, वीस फेऱ्या, सहाशेच्या वर पोरं. यातली बरीचशी मोठ्या मैदानावर कधीच पोचणार नाहीत, हे वाचणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. तरी पिट्सबर्ग पायरेट्सचं नाव आलं की माझा हात थांबतो आणि गवारीची शेंग अर्धवट मोडलेली राहते. वही ओढून घ्यायची, नाव लिहायचं, फेरी लिहायची आणि तिसऱ्या रकान्यात गाव. चेंडूचा वेग, मारलेल्या धावा, कॉलेजातली सरासरी, असलं काही मी लिहीत नाही. ते सगळं इंटरनेटवर पडलेलं असतं. गाव कुठलं, हे कळल्याशिवाय मात्र मला माणूस दिसत नाही. मग नकाशा उघडून ते गाव शोधायचं. मिसिसिपीतलं असलं तर जवळ नदी आहे का बघायचं. टेक्सासातलं असलं तर एवढ्या उन्हात हा खेळला कसा, म्हणून उगीच हळहळायचं.

संध्याकाळी नवरा घरी आला की विचारतो, “काय म्हणतायत तुझी पोरं?” त्याला बेसबॉलमधलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. मुलगा या गावात, पिट्सबर्गमध्येच जन्मला, पण त्याचा जीव अमेरिकन फुटबॉलच्या स्टीलर्सवर. म्हणजे पोरं माझी एकटीचीच.

हे वेड मामाचं. मामाला मुलगा नव्हता, म्हणून शिवाजी पार्कला जाताना भाचीचं बोट धरायचा. पावसाळ्यात कांगा लीगचे क्रिकेट सामने. गवत गुडघ्याला लागायचं, चेंडू चिखलात रुतून बसायचा. मामा एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात शेंगदाण्यांची पुडी घेऊन सीमारेषेबाहेर उभा. बसायचं नाही, हा त्याचा नियम. बसलं की माणूस प्रेक्षक होतो म्हणे. एखादा कोवळा पोरगा पायाची हालचाल नीट करताना दिसला की मामा पुडी माझ्याकडे द्यायचा आणि नुसतं म्हणायचा, “हा जाणार.”

कुठे जाणार, हे आम्ही दोघंही बोलायचो नाही. मुंबईच्या संघात आणि तिथून पुढे, हे गृहीतच. दर मोसमात मामाचे चार-पाच तरी ‘जाणारे’ असायचे. थंडीत हॅरिस आणि गाइल्स शील्ड सुरू झाल्या की वर्तमानपत्रात खेळाच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत शाळांचे धावफलक यायचे. मामा पहिलं पान न उघडता तिथून वाचायला सुरुवात करायचा. तेंडुलकर-कांबळींची १९८८ सालची ६६४ धावांची भागीदारी सगळ्या जगानं वाचली. मामानं त्यातही पुढच्या क्रमांकावर पॅड बांधून बसून राहिलेला पोरगा शोधला. त्या पोरानं पुढे रणजी पदार्पणात २६० काढल्या, तेव्हा मामानं पेढे वाटले. ते पेढे भारताच्या टोपीचा आगाऊ हप्ता होते. टोपी काही आली नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक उचलला, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक हेच अमोल मुझुमदार होते. मी इथे सकाळी चहा गार होईपर्यंत ते बघत होते. मामा असता तर म्हणाला असता, “बघ, म्हटलं नव्हतं जाणार?” आणि मध्ये गेलेल्या सदतीस वर्षांचा हिशेब त्यानं कुणाला दिला नसता.

डावऱ्या फिरकीच्या पद्माकर शिवलकरांचं नाव मामा काढायचा ते आवाज खाली आणूनच. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, कसोटी एकही नाही. “चूक त्यांची नव्हती गं, भारताकडे त्याच फिरकीचा बेदी होता ना.” एवढंच. त्याच्या ‘जाणाऱ्यां’पैकी एक डावरा फिरकीवाला पुढे बँकेत लागला, ऑफिसांच्या संघांची टाइम्स शील्ड खेळला आणि कॅश काउंटरला बसला. मामा पैसे काढायला गेला की दुसरी खिडकी रिकामी असली तरी त्याच्याच रांगेत उभा राहायचा. नोटा मोजणाऱ्या त्या बोटांकडे बघत.

लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा पायरेट्स हरत होते. म्हणजे हरण्याच्या मधोमध होते. १९९३ ते २०१२ असे सलग वीस मोसम त्यांनी जिंकण्यापेक्षा जास्त सामने हरण्यात घालवले. ऑक्टोबरातली बाद फेरी ही इतर गावांची भानगड. आमचं गाव ड्राफ्टवर जगायचं. जो जास्त हरेल त्याला पुढच्या ड्राफ्टमध्ये लवकर निवडायला मिळायचं, त्यामुळे प्रत्येक पराभवात थोडी बेगमी असायची. आता तिथेही सोडत काढतात. २०२२ च्या डिसेंबरात पहिली सोडत निघाली ती नेमकी आम्हालाच लागली. त्यातून चेंडू फेकणारा पॉल स्कीन्स आला.

त्याआधी मात्र गावाला सवय वेगळीच होती. ऑफिसातला एक म्हातारा पिट्सबर्गकर मला डब्याच्या वेळी २००२ चा ड्राफ्ट पाठ म्हणून दाखवायचा. पहिला क्रमांक आमचा, आम्ही घेतला ब्रायन बुलिंग्टन. मागे राहून पुढे मोठं नाव कुणी कुणी कमावलं? दुसरा बी. जे. अप्टन, सहावा झॅक ग्रेन्की, सातवा प्रिन्स फील्डर. हे सांगताना तो एकेक बोट दुमडायचा. मग २००७ : आम्ही डॅनियल मॉस्कोस घेतला आणि पुढच्याच क्रमांकावर बाल्टिमोरनं मॅट वीटर्स उचलला. तेव्हा त्याची मूठ पूर्ण मिटलेली असायची. निवडलेल्यांपेक्षा न निवडलेल्यांची यादी त्याला जास्त पाठ होती. स्थळं बघून झालेल्या घरांतही असंच ऐकू येतं.

मला त्या बुलिंग्टनची ओढ लागली ती या म्हाताऱ्यामुळेच. मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, त्याला एकच सामना जिंकता आला, तोही कॅन्सस सिटीकडून, २०१० मध्ये. पण कुणाविरुद्ध? न्यू यॉर्क यांकीजविरुद्ध, १-० असा. आठ इनिंग त्यानं त्यांना एक धाव काढू दिली नाही. मग तो जपानला गेला आणि हिरोशिमाच्या संघातून वर्षानुवर्षं खेळला. इकडे आम्ही बोटं दुमडत बसलो होतो आणि तो तिकडे उत्तम चाललेला.

२००८ च्या हिवाळ्यात ऑफिसातली माणसं एकदम माझ्याकडे आशेनं बघायला लागली. पायरेट्सनी दोन भारतीय पोरांना करारबद्ध केलं होतं, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघंही उत्तर प्रदेशातले, दोघंही भालाफेकीतले, वेगानं चेंडू फेकण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतून आलेले. “ओळखतेस का?” मी दादरची. पण ‘नाही’ म्हणवेना. २००९ मध्ये ती दोघं फ्लोरिडात, ब्रेडन्टनच्या उन्हात, सगळ्यात खालच्या लीगमध्ये चेंडू टाकायला लागली आणि मी रात्री जेवणं झाल्यावर त्यांचे धावफलक शोधायला लागले. तिथून हे व्यसन. दिनेशला दुसऱ्या वर्षीच सोडलं. रिंकू टिकला, दुखापतींशी झगडला आणि शेवटी कुस्तीत गेला, टीव्हीवरच्या. मी मात्र खालच्या लीगमध्येच राहिले.

त्या जगाची स्वतःची मापं आहेत. स्काउट, म्हणजे पोरं हेरणारे लोक, पोराला वीस ते ऐंशीत गुण देतात. पन्नास म्हणजे बरा, साठ म्हणजे चांगला, ऐंशी म्हणजे दंडवत. फटका वेगळा, ताकद वेगळी, धाव वेगळी, हात वेगळा. वीसच्या खाली कुणालाच जायचं नसतं, ही सभ्यता मला फार आवडली. गणितात मला शून्य देणाऱ्या बाईंना हे कुणीतरी सांगायला हवं होतं. आता घरात मी सगळ्यांना असेच गुण देते. नवऱ्याची भाजी निवड पस्तीस, गाडी लावणं सत्तर. धाकट्या जावेची पुरणपोळी पासष्ट, पण सातत्य चाळीस. मुलाला सांगितलं, तुझं खोली आवरणं वीस. तो म्हणाला, “अपसाइड आहे ना पण?” अपसाइड म्हणजे पुढे सुधारायला वाव. म्हणजे एवढं तरी त्याच्या कानावर पडलं आहे.

स्कीन्सचं काय सांगायचं? २०२३ ला पहिल्या क्रमांकावर निवड, बोनस ब्याण्णव लाख डॉलर, मे २०२४ मध्ये शिकागो कब्सविरुद्ध पहिला सामना, मध्येच कोसळलेला पाऊस, त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित, पुढच्या वर्षी साय यंग, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांतला सर्वोत्तमाचा पुरस्कार. सगळं गाव वेडं झालं. मी टाळ्या वाजवल्या आणि तरी वहीत त्याचं पान मागे पडलं. पोरगं एकदा ‘जाऊन’ पोचलं की त्यात माझं काम काय? शिवाय पुढचं ठाऊक आहे. गेरिट कोल २०११ चा आमचा पहिला क्रमांक. कमावता झाला आणि २०१८ च्या जानेवारीत ह्यूस्टनला गेला. गुणी पोर मोठ्या गावाला जातं. यावर माझ्या आईला बोलायला लावू नये.

कॉनर ग्रिफिन २०२४ ला नववा. मिसिसिपीतला, शाळेतून थेट. २०२५ च्या एकाच उन्हाळ्यात आमच्या खालच्या लीगच्या पायऱ्या चढत ब्रेडन्टनहून ग्रीन्सबरो आणि तिथून ॲल्टूनाला आला. ॲल्टूना आमच्यापासून दोन तासांच्या आत. डोंगरात रेल्वेचं ते प्रसिद्ध घोड्याच्या नालेसारखं वळण आहे, १८५४ पासूनचं. त्यावरून संघाचं नाव ‘कर्व्ह’. मैदानाच्या उजव्या भिंतीमागे रोलर कोस्टरचा लाकडी सांगाडा उभा. मी ग्रिफिनला बघायला गेले. बघितलं. ऐंशीच्या घरातला पोरगा आहे, त्याला माझी गरज नाही.

माझी नजर गेली ती दुसऱ्याच एकाकडे. शेवटच्या फेऱ्यांतून आलेला, वहीत माझ्या अक्षरात असलेला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. नजर लागते. त्याच्या गावात एकच सिग्नल आहे, नकाशात मोजला. डगआउटच्या कठड्यावर हनुवटी टेकून तो सामना बघत होता. नवव्या इनिंगपर्यंत त्याला बोलावणं आलं नाही. मीही उभीच होते, का कोण जाणे. मामाची छत्री असती तर उघडली असती.

माईक पियाझाला १९८८ मध्ये बासष्टाव्या फेरीत घेतलं होतं, १३९० वा. तोही डॉजर्सचे मॅनेजर लसोर्डा यांच्या ओळखीवर, मैत्रीखातर. तो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. आता बासष्टावी फेरीच नाही. २०२१ पासून वीस फेऱ्यांवर आणलं सगळं. त्याच वर्षी मायनर, म्हणजे खालच्या पातळ्यांवरची लीगही छाटली आणि चाळीसेक गावांचे संघ गेले. खर्च वाचतो म्हणतात. ॲल्टूनाच्या पातळीवरच्या पोरांना २०२३ च्या करारानंतर वर्षाला तीस हजारांच्या थोडे वर डॉलर मिळतात आणि ही वाढ झाल्यावरची गोष्ट. त्याआधी एका खोलीत पाच-सहाजण जमिनीवर गाद्या टाकून राहायचे. आमच्या ओळखीचे नवीन आलेले इंजिनीयर तसेच राहायचे, पण त्यांना पुढचं ठाऊक असायचं.

मार्चमध्ये, सराव शिबिरं संपत आली की संघ पोरं मोकळी करतात. बदल्यांचं एक पान असतं. कोण वर गेलं, कोण खाली आलं, कोण जायबंदी. ऑफिसात डबा खाताना ते उघडलं तर माझ्या त्या पोराच्या नावापुढे एकच शब्द होता, ‘रिलीज्ड’. तेवीस वर्षांचा. त्याच्या घरी फोन गेला असेल, वडिलांनी उचलला असेल, गाडीत सामान किती असेल, असं काय काय डोक्यात येऊन गेलं. पोळीचा घास हातात तसाच. माझ्या मुलाहून हा चारच वर्षांनी मोठा.

मग मी बोटानं पान वर सरकवलं आणि त्याच्या जागी कोण आला ते बघितलं. डावखुरा आहे. गाव ओक्लाहोमातलं.