गर्न्सी: कब्जाकाळातल्या वाचकांच्या मागावर दोन दिवस

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी कब्जा केलेल्या, इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावर पोचल्यावर पहिली सकाळ बंकरांना देऊ नका, ग्रंथालयाला द्या. बेटभर पसरलेलं जर्मन काँक्रीट कुठे पळून जात नाही. ग्रंथालयं मात्र ठरावीक वेळीच उघडी असतात आणि रविवारी गेलात तर बंद दारावरची पाटी वाचून परत यावं लागेल.

बटाट्याच्या सालींच्या 'पाय' (pie) या भाजलेल्या पदार्थावरून नाव पडलेल्या वाचनमंडळाची कादंबरी वाचून किंवा चित्रपट पाहून बरेच जण इथे येतात. ते मंडळ काल्पनिक आहे, आणि चित्रपटातली गावं इथे शोधू नका, कारण त्याचं चित्रीकरण इंग्लंडात, मुख्यतः डेव्हनकडे झालं. पण हातोहात फिरलेला कागद, तो पोचवणारी माणसं आणि त्यासाठी भोगलेली शिक्षा हे सगळं खरं आहे. त्याच्या खुणा पायी फिरून पाहता येतात.

संदर्भापुरतं थोडं आधी. १९४० च्या जूनमध्ये सुमारे ४२,००० वस्तीच्या या बेटावरून १७,००० च्या आसपास लोक इंग्लंडला हलवले गेले. त्यांत ५,००० च्या घरात शाळकरी मुलं होती. २८ जूनला बंदरावर बॉम्ब पडले. टोमॅटो भरलेल्या लॉऱ्यांची रांग जर्मन वैमानिकांना लष्करी वाहनांची वाटली होती. तीसहून जास्त माणसं गेली. ३० जूनला जर्मन उतरले, ते ९ मे १९४५ पर्यंत राहिले.

सुरुवात सेंट पीटर पोर्ट या मुख्य शहरातल्या कँडी रोडवरच्या प्रीओ (Priaulx) ग्रंथालयापासून करा. नावाचं स्पेलिंग पाहून बसवाल्याला 'प्रिऑल्क्स' म्हणाल तर त्याला कळणार नाही. उच्चार 'प्रीओ' असा आहे. ज्यांच्या संग्रहातून हे उभं राहिलं, त्या ऑस्मंड डी बोव्हार प्रीओंनी भारतातून रोमला गेलेल्या राजदूतांचा अभ्यास केला होता. तेव्हा आपण इथे अगदीच परके नाही. बेटाचा इतिहास आणि घराण्यांच्या नोंदी ही या ग्रंथालयाची खासियत. इथे एक चूक हमखास होते. लोक जाऊन विचारतात, 'युद्धकाळातलं काही दाखवा,' आणि समोर एवढं येतं की दिवस संपतो, हाती काही लागत नाही. तारीख घेऊन जा. १ जुलै १९४० चं वृत्तपत्र मागा. पहिल्या पानावर जर्मन कमांडंटचे हुकूम छापलेत. मग १९४२ च्या जूनचे अंक घ्या, कारण लोकांचे रेडिओ जप्त झाले ते तेव्हा. आणि अदलाबदलीच्या छोट्या जाहिराती सोडू नका. कुणाला काय हवंय आणि बदल्यात कोण काय द्यायला तयार आहे, ते ओळीओळीत दिसतं. पैशाला किंमत उरली नाही की माणसं काय जपतात, हे त्या रकान्याइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे वाचायला मिळणार नाही. हस्तलिखित रोजनिशी पाहायची असेल तर आठवडाभर आधी ईमेल करा, पेन्सिल न्या, आणि वळणदार इंग्रजी अक्षर लावायला दुप्पट वेळ धरा.

रेडक्रॉसच्या संदेशाचा एक तरी कागद नीट पाहा. मजकूर जास्तीत जास्त २५ शब्दांचा, उत्तर त्याच कागदाच्या पाठीवर, आणि पोचायला काही महिने. इंग्लंडला गेलेल्या लेकराची खुशाली आईला एवढ्यातच कळायची. लोक 'प्रिय' आणि 'आशीर्वाद' गाळून त्या जागी बातमीचा एखादा शब्द जास्तीचा बसवत.

तिथून उतरत बाजारात या. गिल-आलेस हे सार्वजनिक ग्रंथालय इथेच आहे, १८८२ पासूनचं, दोन मित्रांनी उभं केलेलं. थॉमस गिल आणि फ्रेडरिक आलेस यांनी न्यूयॉर्कमध्ये कमावलं आणि पुस्तकांसाठी गावाला दिलं. इथे फार वेळ लागत नाही, पण चुकवू नका.

पुढे बंदरावर, व्हाइट रॉकच्या बाजूला. रेडिओ गेल्यावर १९४२ मध्ये चार्ल्स मेकन, फ्रँक फाला आणि त्यांच्या सोबत्यांनी बीबीसीच्या बातम्या चोरून ऐकून टंकलिखित बातमीपत्र काढलं. नाव 'गन्स', म्हणजे 'गर्न्सी अंडरग्राउंड न्यूज सर्व्हिस'ची आद्याक्षरं. कागद टोमॅटो बांधायचा, पातळ, कारण एका वेळी कार्बन लावून जास्त प्रती निघतात आणि घडी मुठीत मावते. वाचायचं, विश्वासातल्या माणसाला द्यायचं. एवढ्या लहान बेटावर प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. म्हणूनच ते चाललं आणि म्हणूनच फुटलंही. १९४४ च्या फेब्रुवारीत पाच जण पकडले गेले. मेकन आणि जोसेफ गिलिंगहॅम जर्मनीतल्या तुरुंगांतून परतले नाहीत. अशा माणसांचं स्मारक इथे आहे. इथून नेल्यानंतर ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत मारल्या गेलेल्या तेरेस स्टायनर, ऑगुस्ट श्पित्झ आणि मारियान ग्रुनफेल्ड या तीन ज्यू स्त्रियांच्या नावांची पाटीही आहे. पाट्या लहान आहेत, वाहनतळ आणि बोटीच्या गर्दीत नजरेतून सुटतात. सावकाश चाला.

जवळच मुक्तीचा स्तंभ आहे. शेजारी दगडी वळणदार बाक. ९ मेला स्तंभाची सावली बाकावरून सरकते आणि त्या दिवशीच्या घटना जिथे कोरल्या आहेत तिथे त्या त्या वेळी पोचते. हे पाहायचं असेल तर तारीख तीच हवी आणि ऊनही हवं. त्या आठवड्याच्या खोल्या काही महिने आधी घ्या.

दुसऱ्या दिवशी बेटाच्या फॉरेस्ट नावाच्या भागातलं जर्मन ऑक्युपेशन म्युझियम, म्हणजे कब्जाकाळाचं संग्रहालय. विमानतळाजवळ, चर्चच्या मागे. शहरातून विमानतळाकडे जाणारी बस धरा. १९६६ मध्ये सुरू झालेलं हे खासगी संग्रहालय दाटीवाटीने भरलेलं आहे. दोन तास ठेवा. त्यातला अर्धा वेळ घरगुती वस्तूंपाशी घालवा. ब्रॅम्बल या काटेरी झुडपाच्या पानांचा चहा, भाजलेल्या पार्सनिप या गाजरासारख्या कंदाची कॉफी, मिठासाठी समुद्राचं पाणी, खिरीसारख्या पदार्थासाठी कॅरागीन नावाचं शेवाळ. बटाट्याचं पीठ तर आपण नाचणीचं सत्त्व काढतो तसंच: किसायचं, पाण्यात चोळून गाळायचं, तळाशी बसलं की वरचं पाणी ओतून वाळवायचं. किलोभर बटाट्यांतून जेमतेम शंभर ग्रॅम हाती येतं. पाणी घाईने ओतलं तर सत्त्वही वाहून जातं. १९४४ च्या जूनमध्ये मित्रराष्ट्रं नॉर्मंडीत उतरल्यावर फ्रान्सकडून येणारा माल तुटला, तेव्हा बटाटेही मोजून मिळू लागले. रेडक्रॉसची 'व्हेगा' बोट २७ डिसेंबरला पोचेपर्यंत बेट उपाशी होतं. त्या हिवाळ्यात अंधार पडल्यावर वाचायचं म्हणजे दिव्याचीच पंचाईत.

फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्युगोंचं घर, ओतव्हिल हाउस, वेळ असेल तर नक्की पाहा. ते १८५६ पासून १८७० पर्यंत इथे राहिले. हंगामी उघडं असतं, आत गाइडबरोबरच सोडतात, आरक्षण आधी लागतं. चढ उभा आहे. गुडघे दुखत असतील तर बंदरापासून टॅक्सी करा.

आता प्रवासाचं. भारतीय पासपोर्टला ब्रिटनचा व्हिसा लागतो, युरोपच्या शेंगेन व्हिसावर फ्रान्समधल्या सेंट मालोहून बोटीने यायचा बेत करू नका. उन्हाळ्यातही धुकं विमानतळ बंद पाडतं, म्हणून परतीचं आंतरराष्ट्रीय विमान त्याच दिवशी ठेवू नका, मध्ये एक रात्र हवी. ब्रिटनच्या सिमवर इथे वेगळं रोमिंग लागू शकतं. उतरण्याआधी डेटा बंद करा. किनाऱ्याने फिरायला ९१ आणि ९२ क्रमांकाच्या बस बेटाला वळसा घालतात. सुट्या पैशांत गर्न्सीच्या नोटा मिळतील, एक पौंडाची नोटसुद्धा. लंडनच्या दुकानात त्या घेतील याची खात्री नाही, तेव्हा निघण्याआधी इथेच संपवा.