तीन दिवस यायचं ठरलंय? आधी पूर्ण पगारावर रिटायर व्हा

बडोद्याच्या मकरपुरा, नंदेसरीकडच्या कारखान्यांत वयाची 58 वर्षं जवळ आली की एक प्रस्ताव येतो: "काका, आता आठवड्याला तीनच दिवस या, पगार निम्मा." सही करण्याआधी ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, मांडून पाहा. शेवटचा बेसिक (मूळ पगार) अधिक डीए (महागाई भत्ता), भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. 52,000 आणि 30 वर्षं असतील तर 9 लाख. तोच माणूस शेवटचं वर्ष निम्म्या पगारावर काढून निवृत्त झाला, तर हिशेब 26,000 वर होतो आणि हातात साडेचार लाख पडतात. आधीची 29 वर्षं पूर्ण पगाराची होती, हे सूत्राला दिसत नाही.

म्हणून आधी पूर्ण पगारावर निवृत्ती, फुल अँड फायनल म्हणजे सगळा शेवटचा हिशेब, पैसे खात्यात जमा आणि मगच रिटेनरचं, म्हणजे ठरावीक फीवर काम करण्याचं पत्र. पत्रात दिवस, तास, महिन्याची रक्कम लिहून घ्या. "गरजेप्रमाणे यावे" असं असेल तर खोडायला लावा. शटडाऊनच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात त्या महिन्यात ती गरज रोजची होते.

पीएफची पेन्शन 58 ला सुरू करता येते, काम चालू असलं तरी. 60 पर्यंत थांबलं की वर्षाला 4 टक्के वाढ, म्हणून पुष्कळजण थांबतात. पण 5,000 ची पेन्शन दोन वर्षं सोडली तर 1,20,000 गेले आणि वाढ महिना 400 च्या आसपास. वसुलीला 25 वर्षं! हा सौदा बहुतेकांनी करूच नये.

पीएफचा क्लेम अडतो तो भलत्याच ठिकाणी. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर टाकलेली नसते, किंवा आधारवर "सुरेश" आणि पीएफमध्ये "सुरेशभाई" असतं. आपल्या मराठी नावाला इथल्या क्लार्कने प्रेमाने लावलेलं हे "भाई" नोकरीत असतानाच काढून घ्या. दुरुस्तीला कंपनीची मंजुरी लागली, तर रिटायर झाल्यावर खेपा आपल्यालाच घालाव्या लागतात.

रिटेनरची फी पगार नाही, व्यवसायाचं उत्पन्न आहे. साठीनंतर ऍडव्हान्स टॅक्स (वर्षभरात हप्त्यांनी आगाऊ भरायचा कर) नाही, ही सवलत असं उत्पन्न नसणाऱ्यांनाच. कंपनीने फीतून 10 टक्के टीडीएस (कर) कापला म्हणून निर्धास्त राहिलात, तर वर्षअखेर व्याज भरावं लागू शकतं.

कंपनीचा मेडिक्लेमही नोकरीबरोबर सुटतो. नव्या पॉलिसीत जुन्या दुखण्यांना 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, तेव्हा स्वतःची पॉलिसी पंचावन्नाव्या वर्षीच काढा.