गोचिडांचे यजमान शोधताना

कोणत्या प्राण्यावर, म्हणजे यजमानावर, कोणत्या जातीचे गोचीड आढळतात, याची नोंद करण्याचे काम मी हाती घेतले, तेव्हा जगातील सुमारे ९०० जातींमधून नेमकी जात ओळखणे हाच त्यातला अवघड भाग असेल, असे मला वाटत होते. पहिल्या दिवशी मी गाईच्या आचळांजवळचे गोचीड बोटांनी ओढून काढले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर कित्येकांची मुखांगे कातडीतच तुटून राहिली होती. वंश, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ठरवायला मुख्य आधार मुखांगांचाच असतो: हायलोमाची लांब, ऱ्हिपिसेफॅलसची आखूड आणि षट्कोनी बैठकीवर बसलेली. तो सगळा नमुना वाया गेला. त्यानंतर बारीक टोकाचा चिमटा त्वचेलगत धरून सरळ वर ओढण्याची सवय मी लावून घेतली. प्रत्येक जनावराची कुपी वेगळी ठेवली आणि आतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहिली, कारण अल्कोहोलमध्ये शाई विरघळते.

खरी अडचण पुढे आली. ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस या गोचिडाची अळी ज्या गाईवर चढते, तिच्यावरच ती दोनदा कात टाकते आणि रक्ताने टम्म फुगलेली मादी होऊन खाली पडते. त्यामुळे त्याच्या सर्व अवस्था मला एकाच जनावरावर मिळाल्या. हीमाफायसॅलिस या दुसऱ्या वंशाच्या गोचिडांचे मात्र केवळ प्रौढ मिळत होते. हे गोचीड प्रत्येक अवस्थेनंतर जमिनीवर उतरून कात टाकतात आणि नवा यजमान शोधतात, हे मी वाचले होते. तरीही मोठ्या गुरांपलीकडे मी पाहिलेच नव्हते, ही माझ्या आखणीतली गंभीर चूक होती.

म्हणून गवतावरून पांढरे कापड ओढून त्याला चिकटलेले गोचीड मी वेचले आणि रीतसर परवानगी घेऊन पिंजऱ्यात धरलेल्या उंदरांचे कान तपासले. तिथे सहा पायांच्या अळ्या होत्या आणि अळीनंतरच्या अवस्थेतली आठ पायांची पिल्लेही, पण एवढ्या लहान अवस्थेत जात सांगणे मला शक्य नव्हते. रक्त पिऊन फुगलेली पिल्ले मी दमट नळ्यांत जिवंत ठेवली आणि रोज पाहत राहिलो. काही आठवड्यांनी कात टाकून प्रौढ बाहेर आले, तेव्हा गाईंवरून आधी काढलेल्या हीमाफायसॅलिसशी ते तंतोतंत जुळले, आणि त्या जातीसमोर यजमान म्हणून मी उंदराचीही नोंद केली.